२१-१४, १०-८ वर थांबलेली मॅच

सिंधूला रिओत हरवणारी, प्रत्येक पॉइंटला ओरडणारी मुलगी. कॅरोलिना मारिनची आपल्याकडची ओळख एवढीच. पण तीन वेळा गुडघा गमावलेल्या या स्पॅनिश बॅडमिंटनपटूची गोष्ट ‘कमबॅक’च्या साच्यात बसत नाही. आणि म्हणूनच ती आपल्या वयात वाचायला हवी.

रिओ ऑलिम्पिकच्या वेळी मी नववीत होते. १९ ऑगस्ट २०१६, शुक्रवार. राखीपौर्णिमा आदल्याच दिवशी झालेली, त्यामुळे मामा-मावशी अजून मुक्कामाला होते आणि उरलेल्या नारळीभाताच्या ताटल्या घेऊन सगळी जनता टीव्हीसमोर बसलेली. आमच्या घरात तोवर बॅडमिंटन म्हणजे सोसायटीच्या गेटपाशी वाऱ्याला शिव्या घालत खेळायची गोष्ट. त्या संध्याकाळी मात्र ‘ड्रॉप’ आणि ‘स्मॅश’मधला फरक आजीलासुद्धा कळायला लागला होता. पी. व्ही. सिंधूने पहिल्या गेममध्ये १६-१९ वरून सलग पाच पॉइंट काढून २१-१९ केलं, तेव्हा वरच्या मजल्यावरचा ओरडाही आम्हाला ऐकू आला.

पुढचे दोन गेम गेले. १२-२१, १५-२१. पलीकडची डावखुरी मुलगी प्रत्येक पॉइंटला इतक्या जोरात ओरडत होती की आजी वैतागून म्हणाली, ‘हिला कुणीतरी गप्प करा गं!’ खरं सांगते, त्या दिवशी मला तिचा मनापासून राग आला होता.

मॅच संपली तेव्हा ती मुलगी कोर्टवर आडवी पडून रडत होती. हरलेली सिंधू नेटपलीकडून आली, तिला मिठी मारली. आणि मग एक साधीशी गोष्ट केली. तिची खाली पडलेली रॅकेट उचलून तिच्या किटपाशी नेऊन ठेवली. घरात कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही, सगळे ‘सिल्व्हर तरी आलं’ या चर्चेत होते. मला ते दृश्य लक्षात राहिलं.

२०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिक संपल्यावर मला डेस्कवरून काम मिळालं, ‘कमबॅकवर काहीतरी इन्स्पिरेशनल लिही.’ इंटर्नला याहून सोपं काम कोणतं? मी लगेच कॅरोलिना मारिनचं नाव दिलं. दोन मोठ्या दुखापतींमधून उठलेली चॅम्पियन, हेडिंग तर डोक्यात तयारच होतं. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की ही गोष्ट त्या हेडिंगमध्ये बसत नाहीये.

फ्लॅमेंकोचे बूट आणि शटल

मारिनचा जन्म १५ जून १९९३ चा. गाव उएल्वा, स्पेनच्या दक्षिणेला, अंदालुसिया प्रांतात. हा फ्लॅमेंकोचा मुलूख. कॅरोलिनाही लहानपणी फ्लॅमेंको शिकायची. आठ वर्षांची असताना एका मैत्रिणीबरोबर ती बॅडमिंटन बघायला गेली आणि तिथेच रमली. काही वर्षं नाच आणि खेळ दोन्ही सुरू होतं, मग नाच सुटला.

आता या निवडीचा वेडेपणा समजून घ्या. स्पेनमध्ये खेळ म्हणजे फुटबॉल. मग टेनिस, बास्केटबॉल, सायकलिंग. बॅडमिंटन कुठेच नाही. गंमत अशी की बॅडमिंटनला ऑलिम्पिक पदकाचा खेळ म्हणून पहिल्यांदा स्थान मिळालं ते स्पेनमध्येच, १९९२ च्या बार्सिलोनात. पण महिला एकेरीचं ते पहिलं सुवर्ण इंडोनेशियाच्या सुसी सुसांतीने नेलं. पुढचं दक्षिण कोरियाला गेलं आणि २००० पासून २०१२ पर्यंतची चारही सुवर्णं चीनला. म्हणजे मारिन मोठी होत होती तेव्हा या खेळाच्या शिखरावर युरोपातली मुलगी जाऊन बसेल, असं कुणाला सुचलंही नसतं.

चौदाव्या वर्षी ती घर सोडून माद्रिदच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात राहायला गेली. एकुलती एक मुलगी, गाव सहाशे किलोमीटर लांब. तिथे तिला प्रशिक्षक भेटले फर्नांदो रिवास. पुढची सगळी कारकीर्द या जोडीने घडवली. तिच्या तोडीची दुसरी मुलगी देशात नव्हती, म्हणून सराव मुलांबरोबर. अभ्यासाला नोट्स देणारी सीनियर नाही, गावात अॅकॅडमी नाही, आधी कुणी गेलेलं नाही. आपल्यापैकी जे कुटुंबात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढले आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ती गटातच गारद झाली. हरवणारी होती चीनची ली श्वेरुई, जी पुढे सुवर्ण जिंकली. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१४ मध्ये कोपनहेगनला जागतिक स्पर्धेची फायनल झाली. समोर तीच ली. मारिन पहिला गेम १७-२१ हरली आणि पुढचे दोन २१-१७, २१-१८ जिंकली. वय २१. महिला एकेरीत जगज्जेती झालेली ती फक्त तिसरी युरोपियन. आधीच्या दोघी डेन्मार्कच्या, जिथे बॅडमिंटनची मोठी परंपरा आहे.

मग ती थांबलीच नाही. २०१५ मध्ये ऑल इंग्लंडच्या फायनलला सायना नेहवालला हरवलं. त्याच वर्षी जकार्तात जागतिक स्पर्धेच्या फायनललाही सायनालाच. २०१६ चं रिओ आपल्याला पाठच आहे. त्या सुवर्णामुळे ती महिला एकेरीत ऑलिम्पिक जिंकणारी आशियाबाहेरची पहिली खेळाडू ठरली. २०१८ मध्ये नानजिंगला पुन्हा सिंधूला फायनलमध्ये हरवून तिसऱ्यांदा जगज्जेती झाली. महिला एकेरीत तोवर तीन जागतिक विजेतेपदं कुणाच्याच नावावर नव्हती.

थोडक्यात, आपल्या दोन लाडक्या मुलींच्या वाटेत ती सारखी आडवी येत होती. राग यायचाच!

पुण्याची कॅप्टन

हे वाचून मी स्वतः उडाले होते, म्हणून सांगते. डिसेंबर २०१८ मध्ये प्रीमियर बॅडमिंटन लीगमध्ये ‘पुणे सेव्हन एसेस’ नावाची नवी टीम आली आणि तिची कॅप्टन होती कॅरोलिना मारिन. आधीच्या मोसमात ती हैदराबादकडून खेळून ट्रॉफी जिंकली होती. आता सिंधू हैदराबादकडे आणि मारिन पुण्याकडे. पहिलीच लढत मुंबईत, या दोघींमध्ये. त्या दिवशी सिंधू जिंकली. म्हणजे ज्या मुलीवर आम्ही नारळीभात खाता खाता चिडलो होतो, ती दोन वर्षांनी पुण्याची जर्सी घालून खेळत होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

ती लीग जानेवारी २०१९ च्या मध्यावर संपली. दोन आठवड्यांनी, २७ जानेवारीला, इंडोनेशिया मास्टर्सची फायनल होती. समोर सायना. मारिन पहिल्या गेममध्ये जोरात पुढे होती. एका पॉइंटला ती पडली, उजवा गुडघा धरून बसली. पट्टी बांधून उठली, पुन्हा खेळायचा प्रयत्न केला. जमलं नाही. १०-४ अशी आघाडी असताना तिने मॅच सोडली.

गुडघ्यातली दोरी

इथे थोडं सायन्स, पण सोपं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवरून घसरू नये म्हणून गुडघ्याच्या आत एक मजबूत दोरी असते. तिचं नाव अँटेरियर क्रुशिएट लिगामेंट, सगळे ‘एसीएल’ म्हणतात. धावताना अचानक वळलं किंवा उडी मारून चुकीच्या कोनात उतरलं की ती फाटू शकते. बॅडमिंटनमध्ये मागच्या कोर्टात, बॅकहँडच्या कोपऱ्यात उडी मारून एका पायावर उतरताना हा धोका मोठा असतो. खेळणाऱ्या मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त आढळते. पूर्ण फाटलेली ही दोरी सहसा आपली आपण नीट जुळून येत नाही. मग खेळाडूच्या शरीरातलाच दुसरा स्नायुबंध काढून तिथे बसवतात, आणि पुन्हा मैदानात उतरायला साधारण नऊ महिने ते वर्ष जातं.

हे मला मारिनमुळे कळलेलं नाही. माझ्या हॉस्टेलच्या रूममेटमुळे कळलं. ती कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये होती. सेकंड इयरला एका मॅचमध्ये रेड करताना तिचा गुडघा गेला. ऑपरेशन झाल्यावर ती हॉस्टेलला परत आली तेव्हा तिचा व्यायाम काय होता, माहितीये? गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि तो खाली दाबायचा. बस. पाच सेकंद दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. जी मुलगी चार जणींना ओढत मधल्या रेषेपर्यंत यायची, ती टॉवेल दाबता दाबता घामाघूम व्हायची. पहिल्यांदा तिची मांडी थरथरली तेव्हा मी हसले होते. अजून त्याची लाज वाटते.

म्हणून मारिनची पुढची तारीख वाचल्यावर मी थांबून हिशेब केला. जानेवारीच्या शेवटी फाटलेला गुडघा, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये चायना ओपनचं विजेतेपद. फायनलमध्ये तैवानची ताई त्झू-यिंग, पहिला गेम हरून पुढचे दोन जिंकलेले. आठ महिनेसुद्धा झाले नव्हते. त्या आठ महिन्यांमध्ये किती टॉवेल दाबले असतील, हे स्कोअरबोर्डवर कुठेच नसतं.

वाक्य सोपं असतं

मारिनचं एक आवडतं वाक्य आहे. ‘पुएदो पोर्के पिएन्सो के पुएदो.’ म्हणजे, ‘मी करू शकते, कारण मी करू शकते असं मला वाटतं.’ २०२० मध्ये तिच्यावर आलेल्या माहितीपट मालिकेचं नावही हेच. इन्स्टाच्या बायोत टाकायला एकदम परफेक्ट.

पण त्याच २०२० मध्ये काय झालं बघा. वर्षाच्या सुरुवातीला तिच्या वडिलांना कामाच्या ठिकाणी अपघात झाला आणि जुलैमध्ये ते गेले. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये ती थायलंडला लागोपाठ दोन स्पर्धा जिंकली, दोन्ही फायनल ताई त्झू-यिंगविरुद्ध. मार्चमध्ये स्विस ओपनच्या फायनलला सिंधूला २१-१२, २१-५ असं हरवलं. टोकियो ऑलिम्पिक तोंडावर होतं आणि ती कदाचित आयुष्यातलं सगळ्यात चांगलं बॅडमिंटन खेळत होती.

मे महिन्याच्या शेवटी सरावात गुडघा गेला. या वेळी डावा. टोकियो तिने घरून बघितलं.

इथे ते वाक्य काय कामाचं? तिला वाटत होतं की ती करू शकते. तयारीही होती, निकालही समोर होते. गुडघ्याने विचारलं नाही.

आपल्या आजूबाजूला मोटिव्हेशनल रील्सचा पूर आलाय. ‘मेहनत केलीस तर मिळेलच.’ आमच्या बॅचमधले निम्मे जण एमपीएससीच्या तयारीला लागलेत, आणि त्यातल्या एकाने मला सांगितलं होतं की कटऑफ थोडक्यात हुकल्यापेक्षा त्याला जास्त त्रास ‘मग तू कमी पडलास कुठे?’ या प्रश्नाचा झाला. कारण त्या प्रश्नात धरलेलंच असतं की निकाल म्हणजेच मेहनत. मारिनकडे बघून हे गणित चुकीचं वाटायला लागतं. २०१९ ची मारिन आणि २०२१ ची मारिन, दोघींची मेहनत तीच होती. एकीला ट्रॉफी मिळाली, दुसरीला ऑपरेशनची तारीख.

पुन्हा एकदा

ती पुन्हा उभी राहिली. एप्रिल २०२२ मध्ये माद्रिदला, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, युरोपियन विजेतेपद जिंकलं. पण या वेळी परतणं पहिल्यासारखं झटपट नव्हतं. मोठ्या स्पर्धांमध्ये ती सेमीफायनल, फायनलपर्यंत जायची आणि अडकायची. २०२३ च्या जागतिक स्पर्धेच्या फायनलमध्ये दक्षिण कोरियाच्या आन से-यंगने तिला १२-२१, १०-२१ असं सहज हरवलं. तिथे कोणताही सिनेमा संपवून टाकला असता. ‘तिने प्रयत्न केला, आता पुढची पिढी आली.’

मार्च २०२४ मध्ये ती ऑल इंग्लंड जिंकली, पहिल्या विजेतेपदानंतर नऊ वर्षांनी. फायनलमध्ये पहिला गेम २६-२४ असा घेतल्यावर जपानच्या अकाने यामागुचीला दुखापतीमुळे मॅच सोडावी लागली. दुसऱ्याच्या दुखापतीवर मिळालेली ट्रॉफी म्हणजे काय, हे मारिनइतकं कुणाला कळणार? २०१९ मध्ये सायनाला तशीच ट्रॉफी तिच्याकडून मिळाली होती. पाठोपाठ एप्रिलमध्ये सातवं युरोपियन विजेतेपद आलं. मेमध्ये स्पेनचा मानाचा प्रिन्सेस ऑफ अस्तुरियास पुरस्कार तिला जाहीर झाला. गाडी थेट पॅरिसच्या दिशेने निघाली होती.

४ ऑगस्ट २०२४, रविवार. सेमीफायनल. समोर चीनची ह बिंगजियाव, जिने याच स्पर्धेत आपल्या सिंधूला बाहेर काढलं होतं. मी आणि माझी रूममेट मोबाइलवर मॅच बघत होतो. मारिनने पहिला गेम २१-१४ घेतला. दुसऱ्यातही ती सहज पुढे होती. आणि एक शटल परतवताना उजवा गुडघा वळला.

रूममेटने मोबाइल उलटा ठेवला. रिप्ले दाखवायच्या आधीच. ‘गेला,’ एवढंच म्हणाली.

मी मोबाइल पुन्हा उचलला. मारिन उठली होती. तिने गुडघ्याला आधाराचा पट्टा लावला आणि खेळायला उभी राहिली. दोन पॉइंट झाले. ते दोन पॉइंट मी नंतर कितीतरी वेळा बघितलेत. ती धावतच नाहीये, शटल तिच्या शेजारून जातंय. स्कोअर १०-८, अजूनही तीच पुढे. आणि मग ती थांबली. गुडघ्यांवर बसली, कपाळ जमिनीला टेकलं आणि रडायला लागली. या वेळी कोर्टवर तिचा जो आवाज आला, त्याला ‘गप्प बस’ म्हणायची कुणाची हिंमत झाली नसती.

निकालात लिहिलं गेलं, ह बिंगजियाव विजयी, मारिन दुखापतीमुळे बाहेर. कांस्यपदकाची मॅचही ती खेळू शकली नाही. सुवर्ण नाही, रौप्य नाही, कांस्यही नाही.

पोडियमवरचा बिल्ला

दुसऱ्या दिवशी पदकवितरण झालं. आन से-यंगला सुवर्ण, ह बिंगजियावला रौप्य, इंडोनेशियाच्या ग्रेगोरिया मारिस्काला कांस्य. फोटोसाठी उभं राहताना ह बिंगजियावने एका हातात पदक धरलं होतं आणि दुसऱ्या हातात एक छोटासा बिल्ला. स्पेनच्या ऑलिम्पिक टीमचा. जिच्याकडून हरत असताना ती फायनलला पोचली होती, तिला तिने पोडियमवर बरोबर नेलं.

तो फोटो बघितला आणि मला रिओची रॅकेट आठवली. २०१६ मध्ये मारिन जिंकून कोसळली होती, तेव्हा हरलेल्या सिंधूने तिची रॅकेट उचलली. २०२४ मध्ये ती हरून कोसळली, तेव्हा जिंकलेल्या ह बिंगजियावने तिचा बिल्ला हातात घेतला. या दोघींनी आयुष्यातली कितीतरी वर्षं मारिनला कसं हरवायचं याचाच अभ्यास केला असणार. तिच्या मेहनतीची खरी मोजदाद बहुतेक त्यांच्याकडेच होती. आपण फक्त स्कोअर बघत होतो.

ऑगस्टमध्ये मारिनचं पुन्हा ऑपरेशन झालं. ऑक्टोबरच्या शेवटी ओव्हिएदो शहरात तिने तो मेमध्ये जाहीर झालेला पुरस्कार स्वीकारला. तेव्हा ती ३१ वर्षांची होती. पुन्हा खेळेल का, असं सगळे विचारत होते. हे लिहायला बसले तेव्हा माझ्याही डोक्यात शेवटचा प्रश्न तोच होता.

मग मी रूममेटला विचारलं, कारण ती कबड्डीच्या टीममध्ये परत गेलीच नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण तिचं मन धजावलं नाही. ‘तुला कुणी विचारतं का अजून, पुन्हा कधी खेळणार म्हणून?’

‘सगळे विचारतात,’ ती म्हणाली. ‘टॉवेल दाबायचा कंटाळा येत नव्हता का, हे एकानेही विचारलं नाही.’

‘येत होता?’

‘खूप. पण रोज दाबला.’

परवा हॉस्टेलची लिफ्ट बंद होती. ती चार मजले माझ्यापुढे चढून गेली आणि वरून ओरडली, ‘चल ना लवकर!’ जिन्यात तो आवाज चांगलाच घुमला. मला आजीचं वाक्य आठवलं, आणि या वेळी अजिबात पटलं नाही.